कुजलेल्या द्राक्षांची कुलीन गोडी

दत्तजयंतीच्या सुमारास पहांटे आमच्या कुरुंदवाडच्या घाटावर जो कोणी जाऊन उभा राहील, त्याला नदी दिसत नाहीं. नुसती ऐकूं येते. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरून धुकें उठतें, पलीकडची नृसिंहवाडी झांकून टाकतें, वांग्यांच्या आणि उंसाच्या शेतांवरून हळूहळू पसरत जातें, आणि आठ-नऊ वाजतां ऊन वर आलें म्हणजे जसें आलें तसें निघून जातें. लहानपणीं आम्हांला या धुक्याचें मोठें कौतुक असे. शेतकऱ्याला मात्र तें नसतें. मिरज तालुक्यांतील माझे मामा द्राक्षबागाइतदार आहेत. धुकें पडलें कीं त्यांचा चेहरा उतरतो. "आज दावण्या, उद्यां भुरी," असें पुटपुटत ते फवारणीची टांकी भरावयास लागतात.

अशा या मामांना मीं एकदां सांगितलें कीं, मामा, जगांत असेहि बागाइतदार आहेत, जे धुक्याची देवासारखी वाट पाहतात. घडांवर बुरशी चढली म्हणजे ज्यांच्या घरीं आनंद होतो. आणि तीं कुजलेलीं द्राक्षें एकेक वेंचून जे त्यांचें मद्य करतात, त्या मद्याला सोन्याचा भाव येतो. मामांनीं माझ्याकडे पाहिलें तें, शहरांत राहून भाच्याच्या डोक्यावर कांहीं परिणाम तर झाला नाहीं ना, अशा नजरेनें! त्यानंतर जें घडलें तेंच आज आपणांस सांगावयाचें आहे. त्यांत माझी फजिती आहे. पण पुस्तकांतून जें समजलें नव्हतें तें या फजितींतून समजलें, म्हणून ती सांगण्यास संकोच वाटत नाहीं.

प्रारंभींच एक खुलासा करतों. माझें आजचें भाषण मद्यपानाच्या प्रचारासाठीं नाहीं. माझे मामा माळकरी आहेत. त्यांच्या घरांत मद्याचा थेंब आलेला नाहीं. परंतु एखाद्या वस्तूचें रहस्य जाणून घेण्यास ती प्यालीच पाहिजे असें नाहीं. निसर्गाचा एक चमत्कार आणि त्या चमत्कारापाठीमागची माणसाची चिकाटी, एवढ्याच दृष्टीनें आपण या विषयाकडे पाहूं.

फ्रेंच लोक या प्रकाराला 'पुरित्यूर नोब्ल' म्हणतात. आपण त्याला 'कुलीन कूज' म्हणूं. कूज आणि कुलीनता हे दोन शब्द एकत्र ऐकून हंसूं येईल. पण ही जोडी अगदीं यथार्थ आहे. या बुरशीचें शास्त्रीय नांव बोट्रायटिस सिनेरिया. पहिला शब्द ग्रीक भाषेंतील द्राक्षघडावरून आला आणि दुसरा लॅटिन भाषेंतील राखेवरून. राखेच्या रंगाची, घडावर चढणारी, अशी ही बुरशी. स्ट्रॉबेरीच्या परडींत एखाद्या फळावर करड्या रंगाची लव चढलेली आपण पाहिली असेल, ती हीच. म्हणजे ही कांहीं दूरदेशींची दुर्मिळ वस्तु नव्हे. चोर आणि साव यांचें नांवगांव येथें एकच आहे. तो चोर ठरणार कीं साव, हें मात्र हवा ठरविते.

तें कसें, पहा. ही बुरशी रुजण्यास दमट हवा लागते, आणि उष्णमान साधारण वीस अंशांच्या आसपास असावें लागतें. द्राक्ष पूर्ण पिकलेलें असावें, त्याची साल शाबूत असावी. सकाळीं धुकें पडलें कीं बुरशीचे सूक्ष्म तंतु सालींत शिरतात आणि साल चाळणीसारखी सच्छिद्र करून टाकतात. आतां सकाळचें धुकें दुपारींहि तसेंच राहिलें, किंवा त्यावर पाऊस झाला, तर बुरशी बेफाम वाढते, मणी फुटतात, आणि सारा घड नासून जातो. ही झाली नीच कूज. पण दुपारीं स्वच्छ ऊन पडलें आणि कोरडा वारा सुटला, तर बुरशीची वाढ आंवरली जाते आणि त्या असंख्य छिद्रांतून मण्यांतील पाणी उडून जाऊं लागतें. दुसऱ्या दिवशीं पुन्हां धुकें, पुन्हां ऊन. असें कांहीं दिवस चाललें म्हणजे सोनेरी मणी प्रथम तपकिरी, मग जांभळट होतो, सुरकुततो, आणि अखेर मनुकेसारखा आक्रसून जातो. दिसावयास तो किळसवाणा दिसतो. पण पाणी गेलेलें असतें आणि साखर मागें राहिलेली असते.

नुसतें पाणीच उडावयाचें असतें, तर उन्हांत वाळविलेल्या मनुकेंत आणि या मण्यांत फरक तो काय? फरक असा कीं, बुरशी आपलेंहि पोट भरते. ती मण्यांतील कांहीं साखर खाते आणि कांहीं आम्लेंहि खाते. द्राक्षांतील जें मुख्य टार्टारिक आम्ल, त्यावर तिचा विशेष हात असतो. त्या बदल्यांत ती ग्लिसरीन निर्माण करते. त्यामुळें मद्याला एक प्रकारचा तुपासारखा गुळगुळीतपणा येतो. शिवाय कित्येक नवीं सुगंधी द्रव्यें उत्पन्न होतात. मध, जर्दाळू, संत्र्याचा मुरंबा, केशर, सुंठ अशा नाना वासांची आठवण जाणकारांना या मद्यांत होते. त्यांपैकीं एका द्रव्याचें नांव सोटोलॉन. हें नांव लक्षांत ठेवावें अशी माझी विनंति आहे. कारण भाषणाच्या शेवटीं त्याचें काम पडणार आहे.

अशीं मद्यें ज्या प्रदेशांत होतात, त्यांचा नकाशा उघडला कीं आम्हां कुरुंदवाडकरांना एकदम ओळखीची खूण पटते. हंगेरींतील टोकाय या प्रदेशाचें उदाहरण घ्या. बोड्रोग आणि टिसा या दोन नद्यांचा संगम टोकाय गांवापाशींच होतो. शरद ऋतूंत त्या संगमावरून धुकें उठतें आणि शेजारच्या टेकड्यांवरील द्राक्षमळ्यांत पसरतें. फ्रान्समध्यें बोर्दो शहराच्या दक्षिणेस सोतेर्न नांवाचा टापू आहे. तेथें सिराँ नांवाची लहानशी नदी, रानाच्या सांवलींतून वाहत आलेली थंड पाण्याची, गारोन नांवाच्या मोठ्या आणि त्या मानानें उबदार नदीला मिळते. थंड पाणी उबदार पाण्यांत शिरलें कीं शरदांतल्या रात्रीं धुकें तयार होतें, आणि उशिरां सकाळीं ऊन त्याला पांगवितें. दोन नद्या, एक संगम, सकाळचें धुकें आणि दुपारचें ऊन! मीं हें वाचलें तेव्हां मला वाटलें कीं, अरे, हें तर आमच्याच घाटाचें वर्णन आहे. आणि येथेंच माझी चूक झाली. पण ती पुढें सांगेन.

टोकायची एक कथा प्रसिद्ध आहे. १६३० च्या सुमारास लोरांतफी झुझन्ना या सरदार स्त्रीच्या मळ्यावर द्राक्षांची तोडणी युद्धाच्या भीतीनें लांबली. तोंपर्यंत मणी सुकून बुरसले. सेप्सी लात्स्को माते नांवाच्या तिच्या धर्मोपदेशकानें तीं द्राक्षें टाकून न देतां वेगळीं काढून त्यांचें मद्य केलें, आणि तें अपूर्व निघालें. कथा सुंदर आहे. पण १५७१ सालच्या एका दस्तऐवजांत या सुकलेल्या द्राक्षांच्या 'असू' मद्याचा उल्लेख सांपडला आहे, तेव्हां पहिलेपणाचा मान त्या उपदेशकाला देतां येत नाहीं. जर्मनींत जोहानिसबर्गच्या मळ्याची अशीच कथा आहे. तेथें तोडणीची परवानगी दूरच्या फुल्डा गांवच्या धर्माधिकाऱ्याकडून घोडेस्वारानें आणावी लागे. १७७५ सालीं स्वाराला कित्येक दिवसांचा उशीर झाला, द्राक्षें वेलीवरच बुरसलीं, आणि त्यांच्यापासून झालेलें मद्य पाहून सारे थक्क झाले, असें सांगतात. त्या उशीर करणाऱ्या स्वाराचा तेथें पुतळा आहे! उशीर केल्याबद्दल पुतळा उभारला गेल्याचें दुसरें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

या साऱ्या कथांत एक समान सूत्र आहे. तोडणी लांबते ती कोणाच्या तरी अडचणीमुळें, पीक बिघडतें, आणि बिघडलेलें पीक फेंकून द्यावयास कोणाचें तरी मन धजत नाहीं. अशा वेळीं नवी वस्तु हातीं लागते.

आतां हें मद्य करतात कसें तें थोडक्यांत सांगतों. टोकायमध्यें सुकलेले मणी घडांतून एकेक वेंचून काढतात. मण्यांची रास हौदांत पडली म्हणजे त्यांच्या स्वतःच्या भारानेंच तळाशीं थोडा रस झिरपतो. त्याला 'एसेन्सिया' म्हणतात. तो इतका गोड असतो कीं यीस्ट नांवाच्या सूक्ष्म जीवालाहि त्यांत काम करणें जड जातें. तो वर्षानुवर्षें मंदपणें आंबत राहतो, आणि तरी त्यांत मद्यार्क जेमतेम कांहीं टक्केच होतो. हा रस पेल्यानें नव्हे, तर चमच्यानें चाखण्याची रीत आहे. राहिलेले मणी साध्या द्राक्षरसांत किंवा ताज्या मद्यांत बारा तासांपासून दोन-अडीच दिवसांपर्यंत भिजत घालतात, मग पिळून काढतात, आणि तो रस लांकडी पिंपांत आंबवून तळघरांत ठेवतात. त्या तळघरांच्या भिंतींवरहि काळी, मखमलीसारखी बुरशी दाट वाढलेली असते. म्हणजे मळ्यांत बुरशी आणि घरांतहि बुरशी! पूर्वीं मणी मोजावयाचे ते 'पुतोन्य' नांवाच्या पाटीनें. एका पिंपाला किती पाट्या मणी घातले, यावरून मद्याची प्रत ठरे. २००२ सालीं या प्रदेशाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशांत झाला.

सोतेर्नची रीत निराळी आहे. तेथें मुख्यतः सेमियाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ या जातींचीं द्राक्षें असतात. बुरशी साऱ्या मळ्यावर एकाच दिवशीं चढत नाहीं. म्हणून मजूर त्याच मळ्यांतून पुन्हां पुन्हां फिरतात, आणि प्रत्येक फेरीला जेवढे मणी नेमके तयार झाले असतील तेवढेच कात्रीनें काढतात. अशा फेऱ्या महिना-दीड महिना चालतात. पिळलेला रस इतका साखरेनें भरलेला असतो कीं तो आंबूं लागल्यावर मद्यार्क तेरा-चौदा टक्क्यांवर गेला म्हणजे यीस्ट थकतें, आणि उरलेली साखर तशीच राहते. एका लिटरला शंभर-सव्वाशें ग्रॅम किंवा त्याहूनहि अधिक. बाहेरून साखर घालून ही गोडी आलेली नसते. पाणी वजा करून आलेली असते. म्हणूनच तिचा कंटाळा येत नाहीं. कारण पाणी उडतांना आंबटपणाहि आटून तीव्र झालेला असतो, आणि तो गोडीला तोलून धरतो.

या व्यापारांतील तोट्याचाहि विचार करावा. सोतेर्नमधील शातो दिकेम हा मळा १८५५ सालच्या प्रतवारींत सर्वांच्या वर, एकटाच स्वतंत्र वर्गांत ठेवला गेला. तेथें एका वेलीपासून एक पेलाभर मद्य मिळतें असें म्हणतात. साधें मद्य करणारा त्याच वेलीपासून बाटलीभर तरी सहज मिळवील. आणि एवढें करूनहि जेव्हां हवा दगा देते, तेव्हां त्या मळ्याचे मालक आपल्या नांवानें मद्य काढीतच नाहींत. १९१०, १९१५, १९३०, १९५१, १९५२, १९६४, १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२ या सालांचें दिकेम नाहीं. वर्षाची सारी मेहनत वाहून गेली तरी चालेल, पण नांवाला उणेपणा येऊं द्यावयाचा नाहीं, हा बाणा कोणालाहि आदरणीय वाटेल.

आतां माझ्या फजितीकडे वळतों.

२०१९ सालीं आधीं ऑगस्टांत महापुरानें आमचें गांव वेढलें, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरांत अवकाळी पावसानें मामांच्या बागेंतील कोंवळे घड कुजून गळाले. मामांनीं पाट्याच्या पाट्या बांधावर नेऊन ओतल्या. तें दृश्य माझ्या मनांतून जाईना. पुढें हें सारें वाचनांत आलें तेव्हां वाटलें, आपल्या माणसाला तोट्यांतून वर काढणारी किल्लीच हातीं लागली. मीं मामांच्या पाठीमागें लागलों. मद्य करण्याचा बेत नव्हता; तें परवान्याविना करणें हा कायद्यानें गुन्हा आहे. आपल्या मळ्यांत ही कुलीन कूज उतरते कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें होतें. अखेर २०२३ च्या हंगामांत त्यांनीं कडेची एक ओळ माझ्या स्वाधीन केली. "कर बाबा, काय करतोस तें. भाचा म्हणून देतों," असें म्हणाले. बाकीची बाग फेब्रुवारीच्या अखेरीस उतरली. माझी ओळ तेवढी वेलीवर राहिली.

मी रोज संध्याकाळीं जमिनीवर पाणी शिंपडीत असें, ओळीभोंवतीं ओलीं पोतीं टांगीत असें. मार्च उजाडला, ऊन तापूं लागलें. कांहीं मणी सुकले खरे, पण बुरशी कांहीं दिसेना. मग मार्चच्या मध्यांत अवकाळी पाऊस आला. दोन दिवसांत टपोरे मणी फुटले, त्यांना शिरक्याचा वास सुटला, चिलटें, मुंग्या आणि गांधीलमाश्या जमल्या. बुरशीहि आली, पण ती राखी नव्हे, काजळासारखी काळी. ती उष्ण हवेंतील निराळीच बुरशी. कुलीन पाहुण्याला आमंत्रण दिलें होतें आणि दारांत भलताच येऊन उभा राहिला.

त्या ओळीचा बेदाणा करून येणाऱ्या पैशांत मामींनीं परसांतील पडवीचे पत्रे बदलावयाचें योजिलें होतें, हें मला मागाहून कळलें. मामा मला एक शब्दहि बोलले नाहींत. फुटलेले घड बांधावर टाकीत असतां एवढेंच म्हणाले, "अरे, तुझ्या पुस्तकांतलें धुकें पिकल्या द्राक्षावर पडतें. आमचें धुकें पडतें तेव्हां द्राक्ष हरभऱ्याएवढें असतें. हें तूं विचारलें असतेंस तर मीं सांगितलें असतें."

श्रोते हो, साऱ्या प्रश्नाचें मर्म या एका वाक्यांत आहे. युरोपांतील वेल वसंतांत फुटते, उन्हाळाभर वाढते आणि शरदांत पिकते. म्हणजे फळ पिकावयाला आणि धुकें पडावयाला एकच गांठ पडते. आमच्याकडे वेल हिंवाळ्यांत झोंपत नाहीं. तिची वर्षांतून दोनदां छाटणी करतात. एप्रिलची खरड छाटणी, आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी. फळछाटणीपासून चार-साडेचार महिन्यांनीं, फेब्रुवारी ते एप्रिलमध्यें द्राक्ष पिकतें. त्या वेळीं सांगली-मिरजेकडे दुपारचें उष्णमान पस्तीस अंशांपलीकडे जातें आणि हवा कोरडी ठणठणीत असते. धुकें आहे, ऊन आहे, संगम आहे, द्राक्षहि आहे. फक्त त्यांची वेळ जमत नाहीं. मीं नकाशा पाहिला होता. पंचांग पाहिलें नव्हतें.

मग उष्ण देशांत हें कधींच साधलें नाहीं काय? साधलें आहे. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स प्रांतांत ग्रिफिथ गांवाभोंवतीं कालव्याच्या पाण्यावर मळे आहेत. तेथील द बोर्तोली या घराण्यानें १९८२ सालीं बुरसलेल्या सेमियाँ द्राक्षांचें पहिलें मद्य काढलें, आणि त्याचा जगभर नांवलौकिक झाला. पण तेथेंहि फळ पिकतें तें शरदाकडे झुकणाऱ्या हवेंत. कॅलिफोर्नियांत मायरन नाइटिंगेल नांवाच्या मद्यतज्ज्ञानें १९५० नंतरच्या दशकांत निराळाच उपाय केला. त्यानें पिकलेले घड तोडून तबकांत मांडले, प्रयोगशाळेंत वाढविलेल्या बुरशीचे बीजाणु त्यांवर शिंपडले, आणि खोलींत आधीं दमट व मग कोरडी हवा खेळविली. म्हणजे धुकें आणि ऊन हीं दोन्ही त्यानें चार भिंतींच्या आंत आणलीं. प्रयोग यशस्वी झाला. परंतु खर्चाचा आणि मेहनतीचा भार इतका कीं त्याचा प्रसार फारसा झाला नाहीं. तेव्हां आपल्याकडील तरुण संशोधकांनीं यांत जरूर लक्ष घालावें; पण तें प्रयोगशाळेच्या पैशानें, गरीब बागाइतदाराच्या ओळीवर नव्हे, अशी माझी अनुभवानंतरची कळकळीची सूचना आहे.

आपल्या हवेला जी वाट मानवते ती निसर्गानें आपणांस पूर्वींच दाखविलेली आहे. तासगांव, कवठे महांकाळ या भागांत जाऊन पहा. जाळीच्या मांडवांत थरावर थर द्राक्षें पसरलेलीं असतात. पोटॅशियम कार्बोनेट आणि खास तेल यांच्या द्रावणांत बुडवून काढल्यामुळें सालीवरचें मेणाचें कवच सैल होतें, आणि कोरड्या वाऱ्यानें दोन आठवड्यांच्या आंतबाहेर बेदाणा तयार होतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. बोट्रायटिस जें काम बुरशीच्या तंतूंनीं करते, तें पाणी उडविण्याचें काम आमचा बागाइतदार द्रावणानें आणि वाऱ्यानें करतो. या भागांतील वसंतराव आर्वे यांनीं निवडलेली 'तास-ए-गणेश' ही द्राक्षाची जात दूरवर पोहोंचली आहे, आणि सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनहि मिळालेलें आहे.

सुकलेल्या द्राक्षांचें पेय आपल्या परंपरेला परकें आहे असेंहि नाहीं. मनुका, गूळ आणि धायटीचीं फुलें यांना एकत्र आंबवून वैद्य जें द्राक्षासव करतात, तें जुन्या घरांतील फडताळांत हमखास असे. भूक लागेना, अशक्तपणा आला, कीं आजी चमच्यानें तें देत असे. इटलींतहि द्राक्षें चटयांवर वाळवून 'व्हिन सांतो' नांवाचें गोड मद्य करतात. त्याची जातकुळी द्राक्षासवाला जवळची आहे. महाराष्ट्रांत २००१ सालीं द्राक्षप्रक्रिया-उद्योगाचें धोरण आल्यावर नाशिककडे मद्यनिर्मितीला जोर आला. तेथील सुला, आणि निफाडजवळची रेव्हेलो, यांनीं शेनँ ब्लाँ जातीचीं द्राक्षें वेलीवर अधिक काळ ठेवून, उशिरां तोडून, गोड पांढरें मद्य काढलें. त्याची गोडी मुख्यतः उन्हाची आणि उशिराची; बुरशीची नव्हे. त्याला कुलीन कुजीचें म्हणूं नये. पण तें आपल्या मातीचें आणि आपल्या पंचांगाचें आहे, हा त्याचा मान त्याला द्यावा.

आतां आस्वादाबद्दल चार शब्द. ज्यांना हें पेय वर्ज्य नाहीं त्यांनीं तें पाण्यासारखें ढोंसूं नये. लहान पेल्यांत दोन-तीन घोट, एवढीच त्याची मात्रा. तें थंड असावें, साधारण दहा-बारा अंशांचें. पण बर्फगार केलें तर वास मुका होतो. प्रथम रंग पहावा. कोंवळेपणीं पिवळा, वय वाढेल तसा मधासारखा आणि पुढें चहासारखा. मग वास घ्यावा, आणि मग घोट. बरोबर काय खावें, यालाहि एक नियम आहे. पदार्थ मद्यापेक्षां अधिक गोड असूं नये. नृसिंहवाडीची बासुंदी कितीहि उत्तम असली तरी तिच्याबरोबर हें मद्य पांचट आणि आंबट लागेल, आणि दोहोंचाहि अपमान होईल. गोडाला खारट शोभतें. फ्रान्समध्यें सोतेर्नबरोबर निळ्या बुरशीचें खारट रॉकफोर चीज देतात. आपल्याकडे खारवलेले काजू-बदाम हें काम करतील. एका बुरशीचें पेय आणि दुसऱ्या बुरशीचें खाद्य! जें जगानें टाकाऊ मानलें तेंच तबकांत दोन्ही बाजूंना मानानें बसलेलें असतें.

शेवटीं एक लहानसा प्रसंग सांगून पुरें करतों. गेल्या वर्षीं माझा मावसभाऊ परदेशांतून आला तेव्हां त्यानें टोकायची एक बाटली आणली. ती मीं मिरजेकडे मामांच्या मळ्यावर नेली. पिण्यासाठीं नव्हे, ज्या वस्तूच्या नादानें त्यांची एक ओळ बुडाली ती त्यांना दाखवावी म्हणून. मामींची परवानगी घेऊन घरांत न जातां आम्ही बांधावर बसलों. पेल्यांत चमचाभर ओतून मीं पेला त्यांच्या हातीं दिला. मामांनीं तो उन्हांत धरला, नाकाशीं नेला, आणि पुष्कळ वेळ कांहींच बोलले नाहींत. मग म्हणाले, "मध आहे. जर्दाळू आहे. आणि याच्यांत मेथी आहे. तव्यावर भाजलेली मेथी. बाळंतिणीच्या लाडवाचा वास येतो रे!"

मी थक्क झालों. सोटोलॉन हें जें सुगंधी द्रव्य, ज्याचें नांव लक्षांत ठेवावयास मीं आपणांस विनंति केली होती, तें या कुलीन कुजीच्या मद्यांत असतें, आणि मेथीच्या दाण्याचा जो विशिष्ट वास, तोहि मुख्यतः याच द्रव्याचा. मला हें एका ग्रंथांत वाचून ठाऊक होतें. ज्यांनीं आयुष्यांत मद्याचा थेंब घेतला नाहीं, त्या माळकरी माणसानें तें एका श्वासांत ओळखलें. पेला त्यांनीं ओठाला लावला नाहीं, हलकेच माझ्या हातीं परत दिला आणि म्हणाले, "कुजलेलें टाकून देणें सोपें आहे. त्यांतलें कोणतें टाकावें आणि कोणतें ठेवावें, हें ज्याला कळलें तो खरा बागाइतदार. तिकडचे लोक शहाणे आहेत. पण त्यांचा शहाणपणा त्यांच्या धुक्याचा. आपला आपल्या उन्हाचा."

पडवीचे पत्रे बदलण्याचा खर्च त्या वर्षीं मीं दिला, हें सांगावयाचें राहिलें. मामा घेत नव्हते; मामींनीं घेतला. तेवढें ऋण फिटलें. पण न विचारतां शिकवावयास गेलों, त्याबद्दल त्यांनीं एक शब्दहि न बोलतां जी क्षमा केली, तिचें ऋण मात्र तसेंच आहे. दत्तजयंतीच्या पहांटे घाटावर धुकें उतरलें म्हणजे आतां मला सोतेर्न आठवत नाहीं. फवारणीची टांकी भरीत असलेले मामा आठवतात.